शिपायाची कोरी पाठ

खेळण्यांच्या धंद्यात मी बावीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत लहान मुलांनी मला कधी त्रास दिला नाही. मूल खेळणं मोडतं, घटकाभर रडतं आणि उरलेल्या तुकड्यांशी पुन्हा खेळायला लागतं. माझ्या मानगुटीवर बसली ती मोठी माणसं. त्यातही जी खेळण्याशी कधी खेळतच नाहीत, नुसती जमवतात आणि जपतात, ती. त्यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे मला तोंडी परीक्षेसारखं वाटायचं. आज मागे वळून बघतो तर त्याच माणसांची आठवण येते. पोरांचे चेहरे एकही लक्षात नाहीत.

जालन्यात आमच्या शेठचं खेळण्यांचं होलसेल दुकान होतं. मी तिथे ऑर्डर घेणारा माणूस. उजव्या खांद्यावर नमुन्यांची पिशवी लटकवायची आणि एसटीने निघायचं. भोकरदन, हसनाबाद, जाफराबाद, कधी खाली परतूर, आष्टी. तिथल्या जनरल स्टोअरवाल्यांना नमुने दाखवायचे, ऑर्डर लिहून घ्यायची, पुढच्या खेपेला माल पोचवायचा. काम एवढंच. पिशवी बारा महिने त्याच खांद्यावर, त्यामुळे माझे सगळे सदरे तिथेच विरायचे. बायको म्हणायची, तुमच्या अंगावरचा बाकीचा सदरा नवाच राहतो.

आमच्या यादीत सगळ्यात मानाचा माल म्हणजे ‘सांध्याची माणसं’. वीतभर उंचीची प्लास्टिकची माणसं, पण खांदा, कोपर, मांडी, गुडघा, सगळं हलणारं. मुंबईकडची एक कंपनी ती बनवायची. कंपनी आता राहिली नाही, त्यामुळे नाव घेऊन उपयोग नाही. दर वर्षी पोळ्याच्या सुमाराला एक नवा माणूस बाजारात यायचा. एकदा पोस्टमन आला, मग पैलवान, गवळी, हवालदार. सुरुवातीचा माल खरंच देखणा होता. आत रबराची दोरी आणि बारीक आकडे असायचे, हात जसा ठेवाल तसा राहायचा. तळपायात लोखंडाची पत्री असायची, म्हणून माणूस उभा केला की उभा राहायचा. पोस्टमनच्या पिशवीतून पत्रांची टोकंसुद्धा रंगवून बाहेर काढलेली होती. पहिला पोस्टमन मी शेठच्या काउंटरवर उभा केला तेव्हा शेठसुद्धा फोनवर बोलता बोलता थांबले होते.

मग कंपनीने काटकसर सुरू केली. एकदम केली असती तर गिऱ्हाइकाने धरली असती. ती दर वर्षी थोडी थोडी केली. आधी पायातली पत्री गेली. मग दोरी जाऊन प्लास्टिकची खुंटी आली. मग नव्या दाण्यात जुन्या प्लास्टिकचा चुरा मिसळायला लागले. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. तो वितळवून साच्यात ओततात. चुरा जास्त झाला की माल ठिसूळ होतो, नाहीतर मऊ पडतो.

दुकानदारांच्या हे लक्षात आलं नाही. जमवणाऱ्यांच्या आलं.

आष्टीला एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या औषधांच्या कपाटात खालच्या खणात सांध्याची माणसं ओळीने निजवलेली असायची. दोरी तुटली की ते सलाईनच्या नळीची बारीक पट्टी कापून नवी दोरी ओवायचे. खुंटीचा माल आला त्या वर्षी त्यांनी मोडलेला हवालदार माझ्या हातात दिला. “आधी बराबर इलाज करता यायचा,” ते म्हणाले, “आता खुंटी तुटली की माणूस जल्माचा लंगडा. कंपनीला सांगा, पेशंट बरा व्हायची सोय ठेवत जा म्हणावं.”

जाफराबादचे सोनार तर त्यांच्यापेक्षा वरचढ. ते प्रत्येक माणूस सोन्याच्या काट्यावर तोलायचे आणि वजनाची चिठ्ठी त्याच्या खोक्यात घालून ठेवायचे. एका वर्षी पैलवानाचा नवा माल घेऊन गेलो तर त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही पैलवान दोन पारड्यांत ठेवले. नवा वर गेला तो वरच राहिला.

“दत्ताभाऊ, तुमचा पैलवान वाळून राह्यला.”

“काका, तालीम जास्त झाली असेल.”

“तालीम न्हाई. खुराक कमी झाला. माल हलका झाला.”

हलका हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द. वजनाला हलका आणि दर्जाला हलका, दोन्ही एकाच शब्दात. तो ऐकला की माझी मान खाली जायची, जणू चुरा मीच मिसळला होता.

पण हा शब्द ज्यांच्या तोंडून ऐकायला मला सगळ्यात जड गेलं त्या हसनाबादच्या कावेरीताई. घर शेतकऱ्याचं, मोठ्या एकत्र खटल्याचं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे, म्हणजे गौरींपुढे, खेळण्यांची आरास मांडतात, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. दोघी महालक्ष्म्या साड्या नेसून उभ्या, पुढे फराळाची ताटं, आणि त्यांच्या पुढ्यात खेळण्यांची मांडणी. बायका वर्षानुवर्षं एकेक खेळणं घेऊन ती वाढवत नेतात. कावेरीताईंनी तिथे सांध्याच्या माणसांचं अख्खं गाव वसवलं होतं. पुठ्ठ्याची एसटी, काडेपेट्यांची घरं, बाजार, विहीर. प्रत्येक माणसाला नाव होतं.

“लग्न होऊन आले तव्हा ह्या गावात माझ्या वळखीचं कोणीच नव्हतं,” त्यांनी मला एकदा सांगितलं, “मंग म्हणलं, आपणच एकेक माणूस आणावा. पहिला पोस्टमन आणला. माहेराहून पत्र आणायला.”

सण झाला की ती माणसं जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जायची.

ज्या वर्षी कंडक्टर आला त्या वर्षीची गोष्ट. मी हसनाबादच्या दुकानात पिशवी टेकवली, तर ताई आधीच येऊन बसलेल्या. दुकानदार माझ्याकडे बघून गालात हसला. ताईंनी कंडक्टर खोक्यातून काढला आणि पालथा माझ्यापुढे ठेवला.

“भाऊ, ह्याची पाठ कुठं हाय?”

मी बघितलं. समोरून खाकी सदरा, बिल्ला, तिकिटांची पेटी. पाठीमागून काहीच नाही. नुसतं गुलाबी प्लास्टिक, कोरं. कंपनीने पाठ रंगवणंच बंद केलं होतं.

“ताई, खोक्यातून दिसतो तेवढाच रंगवलाय त्यांनी.”

“खोक्यात ठेवायला आणते का मी? माझी माणसं महालक्ष्म्यांकडं तोंड करून उभी राहत्यात. देवीकडं पाठ करून कोण उभं राहील? मंग बघायला आलेल्या बायांना काय दिसतं? पाठच दिसती ना? समोरून कंडक्टर अन् मागून उघडा! असा माणूस देवीपुढं उभा करू?”

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. मुंबईतल्या त्या कारखान्यात कोणीतरी हिशेब केला असेल की पाठीला लागणारा रंग वाचवला तर कोणाला कळणार आहे? त्याला काय माहीत की हसनाबादला एक गाव आहे, जिथली माणसं फक्त पाठीमागूनच दिसतात.

ताईंनी कंडक्टर घेतला आणि स्वतः रंगवला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग होता घरात. त्यामुळे कंडक्टर समोरून खाकी आणि पाठीमागून निळाशार झाला. पुढे जो जो माणूस आला त्याची पाठ शिंगांच्या रंगातच रंगली.

दुसऱ्या वर्षी औरंगाबादला कंपनीने विक्रेत्यांना जेवण दिलं. मी शेठबरोबर गेलो होतो. कंपनीचा साहेब नव्या मालाचं कौतुक करत होता. माझ्या खिशात कंडक्टर होता. मी उठलो आणि तो त्याच्या टेबलावर पाठ पुढे करून उभा केला. म्हणजे उभा करायचा प्रयत्न केला. तो आडवाच पडला.

“साहेब, पाठ रंगवा.”

“गिऱ्हाईक समोरून बघतं,” साहेब म्हणाला.

“आमच्याकडे देवीकडे तोंड करून उभे राहतात, साहेब.”

सगळे हसले. शेठने माझा सदरा मागून ओढून मला खाली बसवलं. मला मात्र त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, तो अजून वाटतो. म्हणून तर पुढे जे झालं त्याची जास्त लाज वाटते.

शेवटचा माणूस आला तो शिपाई. चेहरा छान, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत पुढे धरलेली लांब बंदूक. पण छातीवर अंगठा दाबला तर खळगा पडायचा, असलं पातळ अंग. बंदुकीच्या भाराने तो पुढेच झुकायचा, म्हणून कंपनीने पायाखाली चकती चिकटवून दिली होती. कावेरीताईंनी अंगठा दाबून बघितला.

“हलका हाय, भाऊ.”

“यंदा असाच आहे, ताई.”

“द्या. गावाला शिपाई तर लागतोच.”

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी नेहमीसारखा त्यांच्याकडे गेलो. दारात चपलांचा ढीग बघूनच कळलं की काहीतरी झालंय. आत बायांची दाटी. ताई मला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. पहिल्या ओळीत, समईच्या अगदी बाजूला, शिपाई कमरेत वाकला होता. टोपी महालक्ष्म्यांकडे, बंदुकीचं टोक जमिनीला टेकलेलं. कोणीतरी त्याच्या टोपीवर हळदकुंकूही वाहिलं होतं.

“रात्री सरळ उभा केल्ता. सकाळी उठून बघते तर नमस्कार!” ताईंचे डोळे भरून आले होते. “भाऊ, मी ह्याला हलका म्हणले. अन् माझ्या गावात पहिला नमस्कार ह्यानंच केला.”

मी बघितलं आणि मला पहिल्या नजरेत कळलं. समईकडची त्याची कूस चकाकत होती, जराशी ओघळली होती. रात्रभर समई तेवत होती. चुऱ्याचं प्लास्टिक मऊ पडलं आणि बंदुकीच्या भाराने माणूस वाकला.

मी हात जोडले. पंगतीला बसलो. पुरणपोळी खाल्ली, आंबील प्यालो, आग्रह झाला तेव्हा आणखी एक पोळी घेतली. आणि गप्प राहिलो. सणाच्या दिवशी कशाला कोणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून लहान होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझ्या मालाला कोणी नावं ठेवली नव्हती, आणि ते मला बरं वाटत होतं.

बातमी माझ्याआधी जालन्याला पोचली. दुकानात पाऊल टाकलं तर शेठ हसत उभे. “दत्ता, चमत्कार हो गया रे! तीन गावांतून शिपाई मागतायत. नवरात्राच्या आत माल पोचला पाहिजे, जल्दी कर.” शेठ वाईट माणूस नव्हते. गोदामात पडून राहिलेला माल उठतोय म्हटल्यावर कुठला व्यापारी चौकशी करत बसेल?

पिशवी शिपायांनी भरून मी निघालो. हसनाबादच्या दुकानात पोचलो तेव्हा दुकानदार एका बाईला समजावून सांगत होता, “नुसता ठेवून उपयोग न्हाई, बरं का. दिव्याच्या एकदम जवळ ठेवा. लांब ठेवला तर वाकत न्हाई.”

मी दारातच थांबलो. नवरात्र तोंडावर आलेलं. घरोघरी घट बसणार, नऊ दिवस अखंड दिवा. आणि त्या प्रत्येक दिव्याला चिकटून माझा एक मऊ शिपाई. वर पताका, बाजूला कापसाची वस्त्रं. मी पिशवी न उघडता तसाच कावेरीताईंच्या घरी गेलो.

“ताई, एक समई लावता का? देवासमोर नको. इथे ओसरीवर.”

त्यांनी काही न विचारता समई लावून आणली. मी पिशवीतून एक कोरा करकरीत शिपाई काढला. देवघराकडे त्याची पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि समईला खेटून उभा केला. आम्ही दोघं बघत बसलो. चहा आला, तो गार झाला. मग बंदुकीचं टोक हळूहळू खाली यायला लागलं. कंबर वळली, टोपी खाली गेली. दारात काढून ठेवलेल्या माझ्या चपलांना शिपायाने अगदी मनापासून नमस्कार केला.

एरवी आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कोणीच हसलं नाही.

“म्हंजे त्या दिवशी बी तुमाला कळलं व्हतं?” ताईंनी विचारलं.

“हो.”

“अन् गप बसून जेवले?”

“हो.”

त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समई विझवली, वाकलेला शिपाई उचलला, पदर सारखा केला आणि तरातरा दुकानाकडे निघाल्या. मी मागून. दुकानात चार-पाच बायका होत्या. ताईंनी शिपाई काउंटरवर ठेवला.

“बायांनो, हा नमस्कार करत न्हाई. हा वितळून राह्यला. आत्ता माझ्या ओसरीवर ह्यानं चपलांना नमस्कार केला. दिव्याजवळ कोणी ठेवू नका, घर पेटंल. चुकी माझी हाय. मीच गावभर सांगत फिरले.”

“पण ताई, देवीपुढं वाकला ना तो?” एक म्हातारी म्हणाली.

“देवीला असल्या हलक्या मालाचा नमस्कार काहून लागतो, मावशी?”

माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी शेजारीच उभा होतो, खांद्यावर पिशवी घेऊन. ज्या बाईने सगळ्या गावासमोर चमत्काराचा मान मिळवला होता, तिने तो स्वतःच्या हाताने पुसला आणि दोषही स्वतःकडे घेतला. मला तेव्हा पुढे होऊन बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

पुढची तीन-चार गावं मी स्वतः फिरलो, गेलेला माल परत घेतला, दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या. शेठ म्हणाले, “तुला माल विकायला ठेवलंय की बुडवायला?” आणि मला फिरतीवरून काढून गोदामात बसवलं. ते बरोबरच होतं म्हणा. कंपनीने दोन वर्षांत सांध्याची माणसं बंद केली. मग बॅटरीवर गाणारं, लाल-हिरवे दिवे लागणारं, आठ दिवसांत मुकं होणारं खेळणं आलं, आणि सोनारकाकांनी काट्यावर काही ठेवणंच सोडलं.

कावेरीताईंचा जेवणाचा निरोप दर वर्षी यायचा. दर वर्षी मी काहीतरी सबब सांगायचो. त्या पंगतीत बसायचं धाडस होत नव्हतं.

मी दुकान सोडलं त्या वर्षी निरोप जरा वेगळा आला. हसनाबादचा दुकानदार बाजाराला आला होता, तो म्हणाला, “ताईंनी सांगितलंय, गावात एक नवा माणूस आलाय, बघून जा म्हणून.” सांध्याची माणसं बंद होऊन किती वर्षं झाली होती. नवा माणूस येणार कुठून? न राहवून गेलो.

ताईंचे केस पिकले होते. महालक्ष्म्या तशाच, पुढे गाव तसंच, पुठ्ठ्याची एसटी मात्र नवी. सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून उभी. निळी, हिरवी, लाल, शिंगांच्या रंगाची.

“वळखा, नवा कोणता.”

मी शोधत राहिलो. एसटीच्या मागे, वेशीतून गावात शिरणारा एक माणूस होता. कमरेत वाकलेला. पांढरा सदरा. उजव्या खांद्यावर कापडाची शिवलेली पिशवी, तिचा रुंद पट्टा. आणि पट्ट्याच्या कडेला, सदऱ्यावर, बोटाच्या नखाएवढं निळं ठिगळ. ठिगळाला चार टाकेसुद्धा रंगवले होते.

हातातली बंदूक नव्हती, म्हणून मला वेळ लागला.

“हा तर शिपाई,” मी म्हणालो.

“व्हता. त्या दिवशी वाकला तो काही सरळ झाला न्हाई. मंग मी त्याला पिशवी दिली.”

“आणि ठिगळ?”

“तुम्ही दुकानातून निघाले की मागून दिसायचं ना. इतके वर्षं बघितलं.”

बायको खांद्याला ठिगळ लावायची हे मला माहीत होतं. पण माझी पाठ अशी दिसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी मान खाली घातली. डोळे पुसले, तेही ताईंनी बघितलं असणार. मग माझं लक्ष गेलं की समई आराशीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

“समई तिकडं लांब ठेवलीय,” ताई म्हणाल्या, “माल हलका हाय ना. पण माणूस गावातला हाय. चला, पानं वाढलीत.”